बाहुलीचं पालकत्व

माझ्या नावावर सध्या इंग्लंडमध्ये एक बाहुली आहे. हे सांगितलं की लोक हसतात. आमच्या घरात कोणाच्या तरी नावावर असलेल्या गोष्टी म्हणजे घर, नारळाची चार झाडं आणि बाबांची स्कूटर. बाहुली कुठे नावावर असते? शिवाय ही बाहुली माझ्या मालकीची नाहीच. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, ती कधी माझ्या घरी येणार नाही, आणि ती विकायचा किंवा कोणाला द्यायचा अधिकार मला नाही. तिथल्या एका लहान गावातल्या छोट्या वस्तुसंग्रहालयात ती असते. तिच्या जतनासाठी वर्षभरात जो खर्च होतो, त्यातला एक वाटा माझ्या नावाने भरला गेला आहे, एवढंच.

तिकडच्या बऱ्याच संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत ही पद्धत आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची पुस्तकं दत्तक देण्याची योजना तर प्रसिद्ध आहे. आपण एखादं जुनं पुस्तक निवडायचं आणि त्याच्या डागडुजीला हातभार लावायचा. लहान संग्रहालयं आपल्याकडच्या वस्तूंसाठी असंच करतात. कोणी भिंतीवरचं घड्याळ घेतं, कोणी शिवणयंत्र, कोणी बाहुली. बदल्यात मिळतं काय, तर एक प्रमाणपत्र, वस्तूचा फोटो, तिची थोडी माहिती आणि संग्रहालयातल्या पाटीवर बारीक अक्षरात आपलं नाव.

ही भेट मला माझ्या मावशीने दिली. ती बारा-तेरा वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली, आपल्या गोव्यातले पुष्कळ लोक गेले तशीच. स्विंडनला राहते आणि वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. माझ्या एकविसाव्या वाढदिवसाला तिच्याकडून पाकीट आलं. मला वाटलं घड्याळ असेल, निदान चॉकलेटं तरी. निघालं ते हे प्रमाणपत्र आणि हा फोटो. रक्कम तीस पौंड, म्हणजे आपले तीन हजारांहून थोडे जास्त.

घरात ज्याची त्याची प्रतिक्रिया वेगळी. बाबा म्हणाले, "तीन हजार? आणि बाहुलीला?" आई काही बोलली नाही, पण फोटो तिने दोनदा उचलून पाहिला. आजीला दाखवला तर तिने चष्मा वर करून विचारलं, "कोणाच्या घरची गो ही पोर?"

कॉलेजात आमच्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीनंतर मी हे सगळ्यांना सांगितलं, तेव्हा मात्र हसण्यावारी गेलं नाही. माझी एक मैत्रीण एनएसएसतर्फे बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवते. ती म्हणाली, "तीन हजारांत माझ्या वर्गातल्या सहा पोरांच्या वर्षभराच्या वह्या आणि पेनं येतील. तुझ्या बाहुलीला वह्या लागतात का?" तिचं गणित बरोबर होतं. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी उत्तर शोधायला लागले आणि शोधता शोधता बाहुलीबद्दलच बरंच काही वाचत गेले.

फोटोतली बाहुली साधारण दीड फूट उंचीची आहे. चिनी मातीच्या बाहुल्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ज्या बाहुल्या लोकप्रिय होत्या, त्यांच्या डोक्याला आपल्या कपबशीसारखी झिलई असायची आणि केस बहुतेक काळ्या रंगाने रंगवलेले असायचे. पुढे बिस्कच्या बाहुल्या आल्या. बिस्क म्हणजे झिलई न दिलेली चिनी माती. तिच्यावर उजेड चकाकत नाही, थोडा आत मुरल्यासारखा दिसतो, त्यामुळे गाल खऱ्या गालांसारखे वाटतात. माझी बाहुली बिस्कची आहे. डोळे तपकिरी काचेचे आणि उघडझाप करणारे. डोक्याच्या आत शिशाचं छोटं वजन असतं, त्याच्यामुळे बाहुली आडवी केली की डोळे मिटतात. तोंड जरासं उघडं आणि आत चार बारीक दात. मानेच्या मागे, टोपाखाली लपलेल्या जागी, मातीतच उमटवलेली अक्षरं आहेत. आर्मांद मार्सेय, 390 आणि मेड इन जर्मनी.

बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशात बनला ते लिहिलेलं हवं, असा कायदा अमेरिकेने 1890 साली केला. त्यामुळे मानेवर देशाचं नाव दिसलं की जाणकार ती बाहुली सहसा त्यानंतरची धरतात. 390 हा साच्याचा क्रमांक. या साच्याच्या बाहुल्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या आणि जुन्या बाहुल्यांच्या बाजारात आजही सर्रास आढळतात. म्हणजे माझ्या वाट्याला काही दुर्मिळ रत्न आलेलं नाही. वर्गात एकाच नावाच्या तीन-तीन मुली असतात ना, तशी ही बाहुल्यांमधली. ‘अनमोल वस्तू आहे म्हणून जपायची’ हे सोपं उत्तर त्यामुळे पहिल्याच दिवशी बाद झालं.

आर्मांद मार्सेयचा कारखाना जर्मनीच्या थुरिंगिया भागात, सोनेबर्ग शहराजवळच्या कोपेल्सडोर्फ इथे होता. सोनेबर्गला जगाचं खेळण्यांचं शहर म्हणायचे. 1901 साली सुरू झालेलं खेळण्यांचं संग्रहालय तिथे आजही आहे. त्याच डोंगराळ मुलखात लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे. नाताळच्या झाडावर आपण काचेचे रंगीत गोळे लावतो, त्यांची सुरुवात या गावातली. बाहुल्यांचे काचेचे डोळेही त्याच गावात तयार व्हायचे. डिसेंबरात कॉलेजच्या दारातलं झाड सजवताना मला आता हे हटकून आठवतं.

डोकं करायची रीत मोठी छान आहे. पांढरी माती पाण्यात कालवून दाट दुधासारखी करायची आणि प्लास्टरच्या साच्यात ओतायची. प्लास्टर पाणी शोषून घेतं, त्यामुळे साच्याच्या भिंतीला मातीचा थर धरतो. मग आतली उरलेली माती ओतून टाकायची. राहतं ते पोकळ डोकं. ते अर्धवट सुकलं की धारदार पात्याने डोळ्यांच्या खाचा कापायच्या. भट्टीत बाराशे अंश सेल्सियसच्या वर भाजलं की ते आकसतं आणि दगडासारखं होतं. त्यानंतर ओठ, गालांची लाली, भुवया आणि एकेक पापणी हाताने रंगवायची आणि तो रंग पक्का बसावा म्हणून पुन्हा कमी आचेवर भाजायचं. साचा एक असला तरी पापण्या रंगवणारा हात दर वेळी तोच नसतो. म्हणून एकाच साच्यातून निघालेल्या दोन बाहुल्या शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटतात, जुळ्या वाटत नाहीत.

पण बाहुली काही फक्त कारखान्यात होत नसे. सोनेबर्गच्या भोवतालच्या गावांमध्ये घराघरांत हे काम चालायचं. एक घर नुसते हात करणार, दुसरं पाय, तिसरं टोप, चौथं झगे शिवणार. कागदाचा लगदा, लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या मिश्रणातून हातपाय आणि धड घडवायचं. चुलीजवळ वाळत घातलेले शेकडो हात आणि त्याच खोलीत माणसांचं जेवण आणि झोप. तयार माल बायका पाठीवरच्या मोठ्या टोपल्यांत भरून व्यापाऱ्याकडे पोचवायच्या. मजुरी नगावर आणि इतकी कमी, की घरातल्या सगळ्यांनी हात लावल्याशिवाय भागत नसे. सगळ्यांनी म्हणजे मुलांनीसुद्धा. 1903 साली जर्मनीत बालमजुरीविरुद्ध नवा कायदा झाला आणि त्यात घरगुती उद्योगही आले. पण आईबाप स्वतःच्या मुलांकडून जे काम करून घेत, त्यावरची बंधनं सैलच होती.

म्हणजे बघा, एखाद्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने बाहुलीचे पाय घडवले असतील आणि ती बाहुली तिच्याच वयाच्या दुसऱ्या मुलीला नाताळात मिळाली असेल. जिने पाय घडवले तिच्याकडे अशी बाहुली कधी आली असेल का? माझ्या मैत्रिणीने विचारलेला प्रश्न या बाहुलीच्या अंगातच भरलेला आहे. वह्या हव्यात त्या मुलांचा आणि या बाहुलीचा संबंध नाही असं तिला वाटलं होतं, मलाही वाटलं होतं. संबंध आहे. संग्रहालयातल्या पाटीवर कंपनीचं नाव असतं, पण पाय घडवणाऱ्या मुलीची दुसरी कुठलीच खूण जगात उरलेली नाही. तिच्या हातचं म्हणावं असं तेवढे पायच आहेत.

मग मी संग्रहालयाला ईमेल केला. तीस पौंडांचं तुम्ही नेमकं करता काय, असं विचारलं. वाटलं होतं, उत्तर येणार नाही. चार दिवसांनी आलं, आणि चांगलं पानभर. त्यातून कळलं की या बाहुलीत सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे जो आपल्याला सर्वांत नाजूक वाटतो तो, चिनी मातीचा चेहरा. पडला नाही तर तो शेकडो वर्षं तसाच राहील. मरतं ते बाकीचं सगळं. हातपाय आतून ओढून धरणारं रबर सैल होतं आणि एक दिवस तुटतं. सरस आणि लगद्याचं अंग हवेतला ओलावा कमी-जास्त झाला की फुगतं, आक्रसतं आणि त्यावरच्या रंगाला भेगा पडतात. टोप बकरीच्या केसांचा, त्याला कसर लागते. झग्याच्या टाचण्या गंजतात आणि कापडावर डाग पाडतात.

आणि सगळ्यांत वाईट अवस्था रेशमाची. रेशमावरचा नैसर्गिक डिंक धुऊन काढला की त्याचं वजन बरंच घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. त्यामुळे त्या काळचे व्यापारी ते घटलेलं वजन भरून काढायला त्यात कथलाचे आणि लोखंडाचे क्षार मुरवायचे. कापड जड, भरदार, सळसळतं वाटायचं. पण तेच क्षार धाग्याला आतून ठिसूळ करतात. शंभर वर्षांनी असं रेशीम कोणी हात न लावताही उभ्या चिरांनी फाटत जातं. दुकानदाराने तेव्हा मारलेल्या मापाची किंमत आज संग्रहालय मोजतंय.

असं कापड पुन्हा नवं होत नाही. ते जाळीदार पातळ कापडाच्या दोन थरांमध्ये धरून, केसाएवढ्या धाग्याने टाके घालून सांभाळायचं. धूळ काढायची ती मऊ कुंचल्याने आणि अगदी हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमने, मध्ये जाळी धरून. चेहरा पुसायचा कापसाच्या बोळ्याने. उजेड पन्नास लक्सच्या आसपास ठेवायचा, कारण उजेडाने कापडाचं जे नुकसान होतं ते साचत जातं आणि भरून येत नाही. म्हणून बाहुली वर्षातले बरेच महिने पेटीतच असते. पेटी आणि कागद दोन्ही आम्लरहित. जे काही केलं त्याची नोंद लिहून ठेवायची, आणि करायचं ते असं की उद्या कोणाला अधिक चांगला उपाय सापडला तर आपलं काम सोडवून काढता यावं. मला हा नियम फार आवडला. आपण केलेलं पुढच्याला पुसता यायला हवं, हे किती जण कबूल करतील?

पत्रात आणखी एक गोष्ट होती. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांची बाहुली पेटीत उताणी ठेवत नाहीत. शिशाच्या वजनाने डोळ्यांची जोडणी सुटून आत पडू शकते. म्हणून तिला पालथी, चेहऱ्याला मऊ आधार देऊन ठेवतात. म्हणजे ती झोपते तेव्हा डोळे उघडेच असतात.

माझे तीस पौंड गेले ते आम्लरहित कागद, पेटी आणि झग्याच्या जाळीच्या कापडात. त्यात नाट्यमय असं काही नाही. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी शेवटी लिहिलं होतं, ‘आम्ही तिला तरुण करत नाही, तिचं म्हातारपण सावकाश करतो.’ मी हे मावशीला फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मग माझ्या नोकरीत आणि त्यांच्या नोकरीत फरक काय?"

त्याच फोनवर मी तिला विचारलं, की सगळं सोडून बाहुलीच का? त्या संग्रहालयात घड्याळं होती, चहाच्या किटल्या होत्या. मग तिने जे सांगितलं ते आमच्या घरात कोणीच मला आधी सांगितलेलं नव्हतं.

आजी तेव्हा गावातल्या एका भाटकाराच्या घरी कामाला जायची. झाडलोट, भांडी, पावसाआधी लाकडं रचून ठेवणं. मावशी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन मागच्या दारी बसायची. कधी पाण्याची कळशी आत नेऊन ठेवायची वेळ यायची, तेव्हा दिवाणखान्याच्या दारातून काचेचं कपाट दिसायचं. त्यात चिनी मातीची भांडी आणि मधोमध एक बाहुली. लिस्बनहून आणलेली, असं सगळे म्हणत. निळा झगा, तपकिरी डोळे. एकदा घरात कोणी नाही असं वाटून मावशी कपाटापाशी गेली आणि तिने काचेवर हात ठेवला. दार उघडलं नाही, बाहुलीला हात लावला नाही, नुसता काचेवर तळवा. घरच्या बाईंनी पाहिलं. त्या मावशीला काही बोलल्या नाहीत. आजीला हाक मारून म्हणाल्या, "काच पुसून घे." आजीने मावशीच्या देखत काच पुसली.

"त्या घराची विक्री झाली," मावशी म्हणाली. "कपाट कुठे गेलं, बाहुली कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही. इथे सुट्टीच्या दिवशी त्या संग्रहालयात गेले आणि तसलीच बाहुली दिसली. खाली पाटी, हिला पालक हवेत. मी म्हटलं, बरं."

"पण मावशी, तुला तर अजूनही तिला हात लावता येणार नाही," मी म्हणाले.

"नाहीच लावता येणार. पण आता कोणालाच लावता येत नाही. लॉर्डाच्या मुलीलाही नाही आणि मलाही नाही. काचेपुढे सगळी पोरं सारखी उभी असतात. आणि काच पुसायला पगारी माणूस आहे, त्याला कोणी आईच्या देखत पुसायला लावत नाही."

आणि तिने माझं नाव दिलं, स्वतःचं नाही. ते का, हे मी विचारलं नाही.

जपायला मालक असावं लागत नाही, याचं एक मोठं उदाहरण मला याच वाचनात सापडलं. मिशनरी म्हणून जपानमध्ये बरीच वर्षं राहिलेले सिडनी गुलिक नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. 1924 साली अमेरिकेने जपानी लोकांच्या प्रवेशावर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा दोन्ही देशांतली कटुता वाढू लागली. गुलिक यांनी ठरवलं, मोठ्यांना समजत नसेल तर मुलांपासून सुरुवात करू. 1927 साली अमेरिकेतल्या मुलांनी आणि चर्चच्या मंडळींनी बारा हजारांहून जास्त बाहुल्या जपानच्या शाळांना पाठवल्या. जपानकडून परतभेट म्हणून 58 मोठ्या सुंदर बाहुल्या अमेरिकेत आल्या. त्या बाहुल्यांसाठी जपानी शाळांतल्या मुलींनी छोटी छोटी नाणी गोळा केली होती. पुढे युद्ध झालं. निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रू ठरल्या आणि कित्येक जाळल्या, फोडल्या गेल्या. पण काही शाळांतल्या शिक्षकांनी त्या माळ्यावर, कपाटामागे लपवून ठेवल्या. त्या काळात हे धोक्याचं होतं. जपानमध्ये त्यातल्या तीनशेहून जास्त बाहुल्या आज शिल्लक आहेत. त्या चिनी मातीच्या नव्हत्या, महागही नव्हत्या, आणि लपवणाऱ्यांच्या स्वतःच्या तर अजिबात नव्हत्या.

आपल्याकडेही पाहा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती, खेळणी असल्या घरगुती वस्तू आहेत. त्या नावातला ‘राजा’ म्हणजे केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. स्वतःचं मूल वाचवता आलं नाही त्या माणसाने दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू जन्मभर वाचवल्या.

एवढं सगळं गोळा करून मी मैत्रिणीकडे गेले. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे सगळं खरं आहे. पण माझ्या पोरांना वह्या अजून मिळालेल्या नाहीत." यावर काय बोलणार?

मूल्यशिक्षणाच्या तासाला फादरांनी बेथानीची गोष्ट सांगितली होती. मरिया फार महागडं सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतते. तेव्हा यहूदा म्हणतो, हे तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? फादरांनी आम्हाला विचारलं होतं, प्रश्न चुकीचा आहे का? वर्गात कोणी म्हणालं, प्रश्न बरोबर आहे पण विचारणारा चुकीचा आहे, कारण पैशांची थैली त्याच्याकडे होती आणि तो त्यातले चोरायचा. मला तेव्हा ते उत्तर हुशारीचं वाटलं होतं. आता वाटतं, माझ्या मैत्रिणीला ते लागूच पडत नाही. ती थैलीतले चोरत नाही, उलट स्वतःच्या खिशातले घालते. तिच्या तोंडी तो प्रश्न पूर्ण खरा आहे. म्हणून मी तिच्याशी वाद घालायचा सोडला.

पण एक गोष्ट मला पटली आहे आणि ती मी तिलाही सांगितली. वह्यांचे पैसे कमी पडतात ते कोणी बाहुली जपली म्हणून नव्हे. जे आपलं नाही त्याची जबाबदारी घ्यायची सवयच आपल्याला कमी आहे, म्हणून कमी पडतात. जे माझं आहे ते मी सांभाळेन, बाकीचं सरकार बघेल, अशी आपली वाटणी. बांधकामावरची पोरं आपली नाहीत, जुनी बाहुली आपली नाही, नदी आपली नाही. मावशीने तीस पौंड भरून जे केलं ते या सवयीविरुद्धचं आहे, आणि मैत्रीण रोज संध्याकाळी करते तेही तेच. दोघींना एकत्र भेटवायला हवं, असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात, नियतकालिकांच्या मागच्या मांडणीत, आपल्याच मंडळाची जुनी हस्तलिखित वार्षिकं पडून आहेत. मी मोजली, चौदा आहेत. त्यांतली काही आपल्या आईवडिलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली आहेत. सुंदर अक्षर, हाताने काढलेली चित्रं, मुखपृष्ठावर सुकवून चिकटवलेली पानं. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते, टाचण्या गंजून कागद खाताहेत, दोन अंकांना कसर लागली आहे. ग्रंथपाल मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "पैशांपेक्षा हात हवेत." गंजलेल्या टाचण्या काढून सुती दोऱ्याने शिवणं, कोरड्या कुंचल्याने बुरशी झाडणं (तोंडाला मास्क लावून), प्रत्येक अंकासाठी आम्लरहित कागदाची पेटी, आणि पानन् पान मोबाईलवर टिपून ठेवणं. पेटी आणि कागद धरून एका अंकाला अडीचशे-तीनशे रुपये पडतील, असा त्यांचा अंदाज आहे.

म्हणून ही यादी केली आहे. एका विद्यार्थ्याने किंवा दोघांनी मिळून एक अंक घ्यायचा, वर्षभरासाठी. अंक ग्रंथालयाचाच राहील, घरी न्यायला मिळणार नाही. वर्षाअखेरीस तो पुढच्या वर्गातल्या कोणाकडे सोपवायचा आणि आपण काय केलं ते एका पानावर लिहून पेटीत ठेवायचं. आतापर्यंत नऊ नावं आली आहेत. माझ्या मैत्रिणीचंही आलंय, पण तिने एक अट घातली आहे. एका अंकामागे जेवढे पैसे पेटीला, तेवढेच तिच्या संध्याकाळच्या वर्गाला. ग्रंथपाल मॅडमनी ती अट यादीच्या वर लाल शाईने लिहून टाकली आहे.

पाच अंक अजून रिकामे आहेत. त्यांतल्या एकाचं मुखपृष्ठ पूर्ण सुटलंय, तो कोणीतरी आधी घ्यावा. यादी ग्रंथालयाच्या टेबलावर आहे, शनिवारी दुपारी एकपर्यंत.